सातव्या वर्षाचे शहाणपण



शिक्षणावर बोलावयास उभा राहिलेला वक्ता बहुधा विद्यापीठापासून आरंभ करतो, आणि वेळ उरलाच तर शेवटी प्राथमिक शाळेकडे वळतो. वेळ सहसा उरत नाही. मी आज उलट करणार आहे. मी आपणांस पहिली-दुसरीच्या वर्गात, आणि तेही कॅथॉलिक शाळेच्या वर्गात घेऊन जाणार आहे व घटकाभर तेथेच बसवून ठेवणार आहे.

याला निमित्त घरातलेच झाले. माझी नात सिस्टरांच्या शाळेत दुसरीत आहे. गेल्या दिवाळीत ती पानावर बसली, तिने हात जोडले, डोळे मिटले आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटून मगच पोळीला हात लावला. आमच्या मंडळींचा हात वाढता वाढता थांबला. "अहो, ही पोर उद्या बाटणार तर नाही ना?" असे त्यांनी मला विचारले. मी तोंड उघडण्यापूर्वीच चिरंजीव म्हणाले, "आई, ते जाऊ दे गं. उच्चार बघ तिचे किती स्वच्छ आहेत!"

या दोन वाक्यांत आपल्या सुशिक्षित घरांचे या शाळांविषयीचे सगळे मत आले. एकाला भीती धर्माची, दुसऱ्याला ओढ इंग्रजीची. ज्या शाळेच्या दारात प्रवेशासाठी आपण रांगा लावतो, ती शाळा स्वतः त्या सहा-सात वर्षांच्या मुलाला काय शिकवू पाहते, हे विचारावयाचे मात्र कोणालाच सुचत नाही. इंग्रजी हे त्या शाळेचे आपल्याकडचे वाहन झाले. गाडीत काय भरले आहे ते निराळे. ते आज आपण उघडून पाहू.

कॅथॉलिक परंपरेत सातव्या वर्षाला फार महत्त्व आहे. सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बरेवाईट कळते असे धरून चालावे, असे त्यांचा धर्मविषयक कायदा सांगतो; 1983 साली त्या कायद्याची नवी संहिता झाली, तीतही हे कलम कायम आहे. हा विचार जुना आहे. 1215 साली रोम येथे लॅटरन राजवाड्यात भरलेल्या धर्मपरिषदेने असे ठरविले की, विवेकाच्या वयाला पोचलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपाशी पापनिवेदन करावे आणि ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घ्यावा. आता विवेकाचे वय म्हणजे कोणते? ते आकड्यात सांगितले नव्हते, आणि जेथे आकडा नसतो तेथे मोठी माणसे मुलांच्या वाट्याला उशीरच आणतात. पुढच्या शतकांत ते वय सरकत सरकत दहा, बारा, कोठे कोठे चौदा वर्षांवर गेले. मूल अजून अजाण आहे, इतकी पवित्र वस्तू त्याच्या हाती कशी द्यावी, हा त्यामागचा विचार.

8 ऑगस्ट 1910 रोजी दहावे पायस या पोपने एक फर्मान काढून हे वय पुन्हा सातव्या वर्षाच्या आसपास आणले. हा पोप इटलीतल्या एका खेड्यात गरीब घरी वाढलेला. पांडित्यापेक्षा खेड्यातल्या धर्मगुरूचा अनुभव त्याच्यापाशी अधिक. त्याने जी कसोटी सांगितली ती पाहण्यासारखी आहे. मुलाला सगळे धर्मशास्त्र पाठ असण्याची गरज नाही. मुख्य गोष्टी त्याच्या बुद्धीला झेपतील तितक्या कळाव्यात, आणि प्रसादाची भाकर व रोजची भाकर यांतला फरक त्याला ओळखता यावा. एवढे जमले की झाले.

आपल्यापैकी काहींना हा प्रसाद म्हणजे काय हे ठाऊक नसेल. मिस्साविधीत बिनखमिराच्या गव्हाची एक पातळ चकती असते. गोव्याकडे तिला ओस्त म्हणतात. विधीत ती ख्रिस्ताचे शरीर होते अशी कॅथॉलिकांची श्रद्धा आहे. डोळ्यांना मात्र काहीही बदललेले दिसत नाही. चकती तीच, चव तीच. तेव्हा सात वर्षांच्या मुलाला जो फरक ओळखावयाचा आहे तो डोळ्यांनी ओळखण्याजोगा नाहीच. आपण श्रद्धा बाजूला ठेवू. ती ज्याची त्याच्यापाशी. पण शिक्षणाच्या दृष्टीने ही परीक्षा केवढी कठीण आहे पाहा. वस्तू दिसते तेवढीच नसते, तिला दिसण्यापलीकडचा अर्थ असू शकतो, हे सातव्या वर्षी कळावयाचे आहे.

आपल्याला हे अगदीच परके वाटू नये. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आणि न्याहारीचा शिरा यांतले साहित्य सारखेच, फार तर प्रसादात केळे जास्त. तरी चार वर्षांचे पोर दोन्हींना सारखाच हात घालते, आणि सात वर्षांचे मूल प्रसादासाठी न सांगता उजवा हात पुढे करून खाली डावा धरते. मधल्या तीन वर्षांत त्याला काहीतरी कळलेले असते. मुंजीचे वय आपल्या शास्त्रकारांनी गर्भापासून आठवे धरले, म्हणजे जन्मापासून सात पुरी झाली की. दोन अगदी निरनिराळ्या परंपरा एकाच वयाशी येऊन थांबतात, याचे मला नेहमी नवल वाटते. फरक एवढाच की, आपल्याकडे हे दार काही जातींतल्या मुलग्यांनाच उघडत असे; तिकडे बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला, कोळ्याच्या असो की कारकुनाच्या, ते खुले होते.

एकदा हे ध्यानात आले की पहिली-दुसरीच्या वर्गात काय चालते त्याचा उलगडा होतो. सगळ्या पाऊलवाटा त्या एका दिवसाकडे जातात. प्रत्यक्षात आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तो दिवस मूल आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत लांबतो, आणि धर्मशिक्षणाचे तास आता बहुतेक चर्चमध्ये रविवारी होतात. पण घडण तीच आहे.

प्रथम शिकवतात ती क्रुसाची खूण. उजवा हात कपाळावर, मग छातीवर, मग डाव्या खांद्यावर, शेवटी उजव्या. लहान मुले हमखास डावे-उजवे चुकतात. मग प्रभूने शिकवलेली प्रार्थना, मरियेला वंदन, दहा आज्ञा. हे सगळे तोंडपाठ. कॅटेकिझम, ज्याला गोव्यात दोतोर्न म्हणतात, ती प्रश्नोत्तरांची पोथी: गुरुजी विचारतात, मूल उत्तर देते. जग कोणी निर्माण केले, मला कशासाठी निर्माण केले. हे सहा वर्षांच्या मुलाला विचारतात! आपल्या बालभारतीत या वयाला पाऊस, मांजर आणि आजीचे घर असते. मी हे टीका म्हणून सांगत नाही. मांजर मलाही आवडते. पण मूल मोठे प्रश्न स्वतःच विचारीत असते, आणि त्याचे उत्तर म्हणून त्याला मांजर दाखविणे हा दर वेळी प्रामाणिकपणा असतो असे नाही.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ख्रिस्तप्रसादाच्या आधी मुलाचे पहिले पापनिवेदन होते. गोव्यात याला कुमसार म्हणतात. त्यासाठी मुलाला आपल्या मनाची झडती घ्यावयास शिकवतात. मी खोटे बोललो का, आईचे ऐकले नाही का, धाकट्या भावाला मारले का, दुसऱ्याची पेन्सिल घेतली का. अशी यादी करताना पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की हे मी मुद्दाम केले की चुकून?

कॅथॉलिक नीतिशास्त्राप्रमाणे घोर पाप होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. बाब गंभीर असली पाहिजे, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असली पाहिजे, आणि जाणूनबुजून तिला संमती दिलेली असली पाहिजे. यांतले एक जरी नसेल तरी दोष हलका होतो, किंवा मुळीच राहत नाही. हे मोठ्या ग्रंथांतले तत्त्व दुसरीच्या वर्गात येते ते दोनच शब्दांत: मुद्दाम आणि चुकून. घरात आपण काय करतो? कपबशी फुटली की किती किमतीची होती यावर धपाटा ठरतो. महाग बशी चुकून फुटली तर दोन धपाटे, स्वस्त बशी रागाने आपटली तर एक. वर्गात ते उलटे करून सांगितले जाते. बशीची किंमत बाजूला, तुझ्या मनात काय होते ते सांग. मुलाच्या मनात एक खोली आहे, तेथे जाऊन त्याने स्वतःच पाहून यावयाचे आहे, आणि तेथे काय दिसले ते दुसरे कोणी सांगू शकत नाही, ही जाणीव सातव्या वर्षी देणे ही लहान गोष्ट नव्हे.

दोन गोष्टी आणखी. धर्मगुरूला मुलाने सांगितलेले कोणालाही सांगता येत नाही. आईबापांनाही नाही, शाळेलाही नाही. आपले ऐकून घेणारे आणि चहाडी न करणारे मोठे माणूस मुलाला त्याच्या आयुष्यात येथे पहिल्यांदा भेटते. दुसरी गोष्ट, पाप सांगून टाकले म्हणजे सुटका झाली असे नाही. पेन्सिल घेतली असेल तर ती परत केली पाहिजे. क्षमा मिळाली तरी पेन्सिल परत द्यावयाचीच.

आता आमच्या मंडळींच्या भीतीकडे वळू. वर सांगितलेले धर्मशिक्षण कॅथॉलिक मुलांसाठी आहे. इतर मुलांना त्या तासाला नीतिपाठाच्या वर्गात बसवतात. मॉरल सायन्स म्हणतात ते हेच. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमानेच हे बांधून दिले आहे. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती विद्यार्थ्यावर त्याच्या संमतीवाचून करता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. दुसऱ्या बाजूने तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. 26 जानेवारी 1950 पासून ही दोन्ही कलमे शेजारी नांदत आहेत. तेव्हा माझ्या नातीने डोळे मिटून पुटपुटले ती अन्नाबद्दल देवाचे आभार मानणारी प्रार्थना होती, सगळ्या वर्गाबरोबर डबा उघडताना म्हणून तोंडात बसलेली. तिने धर्म घेतला नव्हता. डबा खाण्याची रीत घेतली होती.

ही रीत कोठून आली त्याची कथा मनोरंजक आहे. फ्रान्समध्ये रँस नावाचे शहर आहे. तेथे झाँ-बातिस्त द ला साल (1651–1719) नावाचा एक सधन घरचा धर्मगुरू होऊन गेला. 1679 पासून तो गरिबांच्या मुलांच्या शाळांत गुंतत गेला, मानाची जागा सोडली, दुष्काळात संपत्ती वाटून टाकली, आणि शाळामास्तरांचा एक संघच त्याने उभा केला. त्या काळी गुरुजी एकेका मुलाला आपल्या टेबलाशी बोलावून शिकवीत. बाकीची मुले तोवर दंगा करीत. आपल्या पंतोजींची शाळा आठवा. द ला सालच्या संघाने सारख्या तयारीच्या मुलांना एकत्र बसवून सगळ्यांना एकच धडा एकाच वेळी देण्याची पद्धत गरिबांच्या शाळांत पक्की केली. आज जगभर वर्ग म्हणून जे आपण ओळखतो त्याच्या जडणघडणीत या माणसाचा मोठा वाटा आहे. मास्तराने कमीत कमी बोलावे म्हणून एक लहानसे टिकटिक वाजणारे साधन असे; त्याच्या खुणेवर मुले वाचन थांबवीत, चूक दुरुस्त करीत, पुढे जात. त्याच्या शाळांच्या कारभाराचे पुस्तक 1720 साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापले गेले. त्यात मुलांनी न्याहारी वर्गातच, मास्तरांच्या देखत करावी असे सांगितले आहे. सभ्यपणे कसे खावे ते शिकवावयाचे असेल तर खातानाच शिकवले पाहिजे, हा त्यातला विचार. आणि वर्गात एक टोपली फिरे. ज्याला वाटेल त्याने आपल्या भाकरीतला तुकडा तीत टाकावा. तो ज्यांनी काहीच आणले नाही त्या मुलांना मिळे. डब्याआधी प्रार्थना आणि डब्यातले वाटून खाणे ही जोडी तेव्हापासूनची आहे. चिरंजीवांनी उच्चार ऐकले. टोपलीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

याच माणसाने आणखी एक गोष्ट केली, आणि ती आपल्याला फार झोंबणारी आहे. त्या काळी मुलाला वाचन शिकवीत ते आधी लॅटिनमधून. धर्माची भाषा ती, विद्वानांची भाषा ती, प्रतिष्ठेची भाषा ती. द ला सालने ते उलटे केले. आधी फ्रेंच, मग लॅटिन. कारण सरळ होते. गरिबाचे मूल चार-दोन वर्षांत शाळा सोडून कामाला लागणार. तोवर त्याला न समजणारे लॅटिन नुसते वाचता येऊ लागले तर त्याचा उपयोग काय? जी भाषा त्याला कळते तीत वाचता आले तर हिशेबाचा कागद आणि प्रार्थनेचे पुस्तक दोन्ही कामाला येईल.

कॅथॉलिक धर्माच्या सगळ्या इतिहासात ही एक ओढाताण दिसते. विधी लॅटिनमध्ये, पण मुलांची दोतोर्न बहुधा घरच्या भाषेत. 6 मे 1542 रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरला. तो हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरे आणि मुले गोळा करी. पुढे तो मोती काढणाऱ्या परवांच्या किनाऱ्यावर गेला तेव्हा दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारी माणसे हाताशी धरून त्याने प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या, आणि मुलांना सांगितले की आज शिकलात ते घरी जाऊन आईबापांना व शेजाऱ्यांना शिकवा. मुलाकडून घराला शिकविण्याची ही युक्ती. इंग्लंडातून आलेला फादर थॉमस स्टीफन्स हा तर आपल्या भाषेचाच उपासक. 1616 साली राशोल येथे छापून निघालेले त्याचे क्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे. ओव्या दहा हजारांहून अधिक. मुलांसाठी त्याने कोकणीत दोतोर्न केली, ती त्याच्या मृत्यूनंतर 1622 साली छापली. गुरू-शिष्यांच्या संवादाचीच ती घडण आहे. ज्या भाषेत मूल भावाशी भांडते त्या भाषेतच त्याला आपला अपराध सांगता येईल, हे त्या मंडळींना कळले होते. आणि त्याच गोव्यात 1684 साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावयास लागावे! सरकार आणि शाळा यांचे पाऊल नेहमी एका दिशेने पडते असे नाही. कोकणी उरली ती उरलीच.

वसईकडे पाहा. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले. तेथला कॅथॉलिक समाज राहिला, आणि त्याची प्रार्थनेची भाषा मराठी राहिली. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, चर्चमध्ये मराठी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली, आणि मग मिस्साही मराठीत आला. पण वसईच्या आजीने नातवाला शिकवलेली प्रार्थना त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी होती. आता त्याच वसईतली मुले इंग्रजी शाळांत जाऊ लागली आहेत, आणि तेथल्या मराठी शाळांची चिंता तेथलेच धर्मगुरू आणि लेखक करीत आहेत. आपली चिंता आणि त्यांची चिंता येथे एकच आहे, हे आपण विसरतो.

मी 1956 साली अशाच एका शाळेत पहिलीत गेलो. शाळेचे नाव सांगत नाही. ते सांगून कोणाचे भले होणार नाही. शाळेत मराठी बोलण्याची मनाई होती. एक लाकडी पट्टी होती. जो मराठी बोलेल त्याच्या हातात ती येई, आणि दुसरा कोणी मराठी बोलताना सापडेपर्यंत ती त्याच्यापाशीच राही. शाळा सुटताना ज्याच्या हाती पट्टी त्याला एक आणा दंड. याचा परिणाम काय झाला? आम्ही इंग्रजी शिकलो ते नंतर; आधी चहाडी शिकलो. पट्टी हातात आली की मूल भिंतीआड उभे राहून दुसऱ्याचे बोलणे ऐकत बसे. दहा आज्ञा शिकविणाऱ्या शाळेने ही अकरावी आज्ञा काढली होती.

एके दिवशी मी पायऱ्यांवरून पडलो. गुडघा फुटला आणि तोंडातून "आई गं" निघाले. लगेच एकाने पट्टी माझ्या हातात ठेवली. मी रडत रडत ती घेऊन उभा होतो तोच एक म्हाताऱ्या सिस्टर आल्या. त्यांचे मराठी मोडकेतोडके. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पट्टीकडे पाहिले आणि मला विचारले, "तू मुद्दाम बोलला?" त्यांनी मराठीत विचारले! मी मान हलवून नाही म्हणालो. त्यांनी पट्टी माझ्या हातातून काढून घेतली आणि आपल्या झग्याच्या खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी ती पट्टी परत फिरू लागली हेही सांगितले पाहिजे. सिस्टर काही मुख्याध्यापिका नव्हत्या. पण मुद्दाम आणि चुकून यांतला फरक मी कोठे शिकलो असे मला कोणी विचारले तर मी त्या पायऱ्यांवर बोट ठेवीन.

गोव्याच्या बाबतीत एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तेथल्या गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना दोतोर्नेबरोबर संगीत शिकवीत. गावचा मेस्त्री लहान मुलांना दो-रे-मी वाचावयास लावी, व्हायोलिन हातात देई, आणि ती मुले चर्चच्या गायनात उभी राहत. हेतू एवढाच की रविवारच्या मिस्साला गाणारे गळे आणि वाजविणारे हात मिळावेत. पण स्वर कागदावर लिहिलेला वाचता येणे ही विद्या त्या काळी आपल्याकडे दुर्मिळ होती. ही मुले मोठी होऊन मुंबईस आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे चर्चच्या गायनमास्तरांचे चिरंजीव. वडिलांपाशीच लहानपणी शिकले. त्यांनी पुढे प्यारेलालना व्हायोलिन शिकविले, आणि 1977 सालच्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये प्यारेलालनी आपल्या गुरूचे नाव एका गाण्यात घातले. ते गाणे आपण सर्वांनी ऐकले आहे; त्यातले नाव एका मास्तराचे आहे हे थोड्यांना ठाऊक. गावच्या चर्चच्या शाळेतला धडा लग्नाच्या वरातीपर्यंत पोचला तो असा.

आता या शिक्षणातले जे मला खटकते तेही बोललो पाहिजे. पहिले म्हणजे भय. आमच्या वर्गात भिंतीवर ज्वाळांत उभ्या असलेल्या आत्म्यांचे चित्र होते, आणि मी ख्रिस्ती नसूनही कित्येक रात्री ते माझ्या स्वप्नात येई. सातव्या वर्षी मुलाला अंतःकरणाची झडती घ्यावयास लावणे हे दुधारी शस्त्र आहे. हळव्या मुलाच्या हाती ते पडले तर ते स्वतःलाच ओरबाडत बसते. आजच्या पाठ्यपुस्तकांत हा सूर पुष्कळ निवळला आहे. प्रेमळ पित्याची आणि हरवलेल्या मेंढराची गोष्ट पुढे आली, ज्वाळा मागे गेल्या.

दुसरे पाठांतर. यावर हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. संध्याकाळी दिवा लावून परवचा म्हणणारी घरे आपलीच होती, आणि पावकी-निमकी अर्थ न कळताच पाठ झाली होती. पण पाठांतरापलीकडे जाण्याची धडपड कॅथॉलिक जगातही झाली, आणि ती करणारी बाई आपल्याला चांगली ओळखीची आहे. मारिया माँटेसरी ही इटलीची कॅथॉलिक. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने बार्सेलोना येथे मुलांना धर्मविधी शिकविण्याचा एक प्रयोग केला. मुलांच्या उंचीचे प्रार्थनागृह, मुलांच्या हाताला येतील अशा वस्तू. आणि मुलांनी गहू पेरला, द्राक्षाचे वेल लावले. ज्या गव्हाची ओस्त आणि ज्या द्राक्षाची मदिरा विधीत येते ती पिके आधी मातीतून वर येताना पाहिली. दहाव्या पायसने सांगितलेला तो भाकरीतला फरक माँटेसरीने असा शेतातून शिकवावयास घेतला. 1939 साली ही बाई हिंदुस्थानात आली आणि महायुद्धामुळे कित्येक वर्षे येथेच राहिली. त्याच्याही आधीपासून गिजुभाई आणि ताराबाई मोडक यांनी तिची पद्धत आपल्याकडे रुजविली होती. ताराबाईंनी पुढे ती बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेली आणि तेथल्या दगड-शंखांतून तिची साधने केली. शहरातल्या आपल्या बालवाड्यांत मात्र माँटेसरीचे नाव पाटीवर आले, लाकडी ठोकळे कपाटात आले, आणि गव्हाचे शेत काही आले नाही.

नातीचे थोडे सांगावयाचे राहिले. मागच्या महिन्यात ती माझ्याकडे एक खोडरबर घेऊन आली. म्हणाली, "आजोबा, हे माझे नाही. माझ्या कंपासपेटीत चुकून आले." मी म्हटले, मग काय झाले, उद्या देऊन टाक. तर म्हणाली, "पण मला शुक्रवारीच कळले होते, आणि मी दिले नाही. म्हणजे आता ते चुकून नाही ना राहिले?" मी वकिली केलेला माणूस, मला यावर काही बोलता आले नाही. सोमवारी ती खोडरबर घेऊन गेली.

आमच्या मंडळींनी हे ऐकले. त्यांनी मनाशी काही ठरविले असावे, कारण त्या रात्री जेवताना त्या नातीला म्हणाल्या, "तुझे म्हणून झाले की आपलाही श्लोक म्हणत जा. मी शिकवते." आणि त्यांनी तो खणखणीत म्हणून दाखविला. पोरीने सगळा ऐकून घेतला आणि विचारले, "आजी, याचा अर्थ काय?" आजीने माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या ओळीपर्यंतचा मी सांगितला. तिसरीशी अडलो, आणि हात धुऊन पुस्तक शोधावयास उठलो.